सोलापूरहून टेक्निकल डायरेक्शनचं पदव्युत्तर शिक्षण : कुणी केलंय का? कसं करावं?

विंगेतली :
नमस्कार मंडळी. इथले नाटकांवरचे धागे नेहमी वाचते, लिहिते मात्र पहिल्यांदाच.

मी सोलापूरची. मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग आणि देखभालीचं काम बघते. कॉलेजपासून नाटकाचं वेड आहे, पण स्टेजवर जायची ओढ कधीच नव्हती. नेपथ्यसुद्धा मी करत नाही. नेपथ्यकार कागदावर कमान, जिना, माडी काढतो. ती किती पट्टीत, किती प्लायमध्ये, किती पैशांत आणि किती दिवसांत उभी राहील, टेंपोत मावेल का, हुतात्मा स्मृती मंदिरात सकाळी आत नेली तर रंगीत तालमीच्या आधी लागेल का, तिच्यावर चार जण नाचले तर पेलेल का, हे सगळं माझ्याकडे येतं. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला बक्षीस आहे, प्रकाशयोजनेला आहे, रंगभूषेला आहे. मला बक्षीस नको, पण हे काम नीट शिकायचं आहे आणि ते कुठे शिकवतात हे गावात विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

शोधल्यावर कळलं की याला टेक्निकल डायरेक्शन म्हणतात आणि अमेरिकेत यात तीन वर्षांची एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) करता येते. आपल्याकडे दिल्लीत एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, पण तिथे भर अभिनय, दिग्दर्शन आणि डिझाईनवर दिसतो. मला लोखंड, लाकूड, मोटर, दोर आणि हिशेब यात रस आहे. इंजिनिअरिंगची पदवी तिथे चालते का? पोर्टफोलिओत काय ठेवतात? माझ्याकडे सेटचे फोटो भरपूर आहेत. आणि घरचे विचारतात, एवढं शिकून पुढे पोटापाण्याचं काय? याचं उत्तर मला देता येत नाही.

कुणी या वाटेनं गेलं असेल तर सविस्तर सांगा.

सात रस्ता :
म्हणजे स्टेज मॅनेजरच ना? की नेपथ्यकाराचा असिस्टंट?

विंगेतली :
@सात रस्ता, दोन्ही नाही. स्टेज मॅनेजर तालमीपासून प्रयोगापर्यंत वेळ आणि माणसं सांभाळतो, लाईट-साउंडचे क्यू देतो. मी सेट बनवून, लावून, प्रयोगानंतर उतरवून देईपर्यंतची जबाबदारी म्हणतेय.

काळा पडदा :
विंगेतली, मी मूळचा जुळे सोलापूरचा. सिव्हिल झालो, पुण्यात एकांकिकांचे सेट लावले आणि मग अमेरिकेत याच विषयात एमएफए केली. आता मुंबईत नाट्यगृहांच्या यंत्रणांची आखणी करणाऱ्या एका फर्ममध्ये आहे. तुझे प्रश्न मी एकेकाळी कुणाला विचारावेत हेच मला माहीत नव्हतं, म्हणून जरा मोकळं लिहितो.

आधी तिथे काय शिकवतात ते. नाव ऐकून वाटतं वर्कशॉपमध्ये सुतारकाम आणि वेल्डिंग. ते असतंच, पण पदव्युत्तर पातळीवर ते तुला येतं असं बऱ्यापैकी गृहीत धरतात. खरा अभ्यास म्हणजे रंगमंचासाठीचं स्ट्रक्चरल डिझाईन, यंत्रांची आखणी आणि ऑटोमेशन, रिगिंग (वस्तू वर टांगणं, उचलणं), ड्राफ्टिंग, अंदाजपत्रक, सुरक्षितता, निर्मिती व्यवस्थापन आणि नाट्यगृहांचं नियोजन. याच्या जोडीला प्रत्यक्ष नाटकं. पहिल्या वर्षी तू कुणाच्या तरी हाताखाली असतेस, मग एका निर्मितीची सगळी तांत्रिक जबाबदारी तुझ्यावर येते. नेपथ्यकाराची ड्रॉइंग हातात पडल्यावर ठराविक मुदतीत प्रत्येक तुकड्याचा भाव काढायचा. सामान किती रुपयांचं आणि माणसांचे तास किती, हे दोन्ही. ते बजेटच्या वर गेलं तर नेपथ्यकारासमोर बसून सांगायचं की माडी ठेवायची तर मागची भिंत कापडाची करावी लागेल. सगळ्यात जास्त शिक्षण मला या बैठकांत मिळालं. नाही म्हणायचं, पण नाही म्हणताना दुसरा रस्ता हातात घेऊन बसायचं.

हे शिक्षण देणाऱ्या जागांमध्ये येल, कार्नेगी मेलन, नॉर्थ कॅरोलायना स्कूल ऑफ द आर्ट्स ही नावं तुला लगेच सापडतील. येलच्या नाट्यविद्यालयाला २०२१ मध्ये १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली, त्याचं नाव डेव्हिड गेफन स्कूल ऑफ ड्रामा झालं आणि तिथल्या सगळ्या पदवी आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची शिकवणी फी माफ झाली. राहणं-खाणं, विमा, प्रवास यांचा खर्च राहतोच आणि जागा अगदी थोड्या. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून सुटलेल्या तांत्रिक अडचणी आकृत्यांसह छापतात, असं टेक्निकल ब्रीफ नावाचं त्यांचं छोटं नियतकालिक १९८२ पासून निघतंय. त्यातले लेख मिळतील तेवढे वाच. पानभर मजकूर, एक आकृती, आणि एका नाटकातली एक अडचण सुटलेली.

इंजिनिअरिंगची पदवी चालते. चालते म्हणजे उपयोगीच पडते. चार वर्षांची पदवी असल्यानं अमेरिकेत वर्षं कमी पडण्याचाही प्रश्न येत नाही. जीआरई बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, स्वतःबद्दलचा लेख, पोर्टफोलिओ आणि मुलाखत. अर्जांच्या तारखा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतात आणि वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. म्हणजे आता गणपतीत तयारीला लागलीस तर पुढच्या वर्षीचा अर्ज होतो.

पोर्टफोलिओबद्दल एवढंच आत्ता सांगतो : प्रयोगाच्या दिवशीचे सुंदर फोटो बाजूला ठेव. ते नेपथ्यकाराचे आहेत. तुझे फोटो म्हणजे उघडा सांगाडा, जोड, बिजागरी, मागचे आधार. आणि त्याहून महत्त्वाचे तुझे कागद.

जुना बॅकस्टेजवाला :
पोरी, तुझं वाचून बरं वाटलं, पण मी जरा उलटं बोलणार हाय.

मी सोलापुरात आणि दौऱ्यावर सेट लावून म्हातारा झालो. आमच्यात कुणी शाळेत शिकलं न्हाई. उस्तादाच्या हाताखाली राहायचं, त्यानं मारलेला खिळा बघायचा, त्यानं बांधलेली गाठ बघायची. प्रभाकर पणशीकरांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ ला आलं, त्यात फिरता रंगमंच होता. तिकडं कलकत्त्यात १९५९ ला ‘अंगार’मध्ये तापस सेन यांनी नुसत्या लाईटवर कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखवलं. ही माणसं एमएफए करून आली नव्हती. आपल्याकडं कामं अशीच उभी राहिलीत.

दुसरं. तिकडं शिकून येशील, तिकडं वरती ग्रिड म्हंजी छताखाली लोखंडी जाळी, सेट टांगायला वजनानं तोललेले बार, सगळं हाय. हितं बहुतेक गावांत हातानं ओढायचा पडदा, भिंतीला चार हूक आणि माथ्यावर पंखा. तिकडचं शिक्षण हितं वापरणार कुठं? हितल्या स्टेजवर काम करायचं शिक्षण हितल्या स्टेजवरच मिळतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळणे उभे करतात ती माणसं बघ. खडबडीत जमिनीवर लाकडाचे ठोकळे घालून, ओळंबा धरून एवढा मोठा पाळणा सरळ उभा करतात. त्यांनी कुठली परीक्षा दिली?

राग मानू नको.

विंगेतली :
काका, राग कसला. तुमच्यासारख्यांच्या हाताखालीच मी पट्टीला पट्टी जोडायला शिकले. पण मला कुठे अडतं ते सांगते.

मागच्या वर्षी एका हौशी संस्थेच्या नाटकात आठ बाय चारची लेव्हल, म्हणजे उंच चौथरा होता. त्याच्यावर सहा मुली फुगडी घालणार होत्या. सुतार म्हणाले, पेलेल. नेपथ्यकार म्हणाले, पेलेल. तालमीत पेललंही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पायाजवळची पट्टी तडकली. मुली खाली उतरल्या होत्या म्हणून कुणाला लागलं नाही. नंतर मी आयएस ८७५ चा, म्हणजे इमारतींवर किती भार धरायचा याच्या भारतीय मानकाचा दुसरा भाग उघडला. त्यात रंगमंचासाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन भार धरायला सांगितलाय. आठ बाय चार फूट म्हणजे जवळपास तीन चौरस मीटर, म्हणजे दीड टन. आम्ही उभ्या राहिलेल्या मुलींची वजनं मिळवून साडेतीनशे किलो धरत होतो. आपटणारे पाय वेगळे असतात हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

अनुभवी माणूस “पेलेल” म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण नवं काही आलं, आजवर कुणी न केलेलं, तेव्हा त्याच्याकडे मागचं उदाहरण नसतं. त्या वेळी कागदावर मांडून हो किंवा नाही सांगणारं कुणीतरी लागतं, आणि मला ते व्हायचंय.

काळा पडदा :
काका, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. तिथे माझे सगळ्यात चांगले शिक्षकही वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले सुतारच होते. फरक एवढाच की ते एका हातानं रंधा मारायचे आणि दुसऱ्या हातानं हिशेब लिहून ठेवायचे, म्हणून तो हिशेब त्यांच्यामागून येणाऱ्याला सापडला.

एक उदाहरण देतो, ते ग्रिड नसलेल्या स्टेजवरच लागू पडतं. ४० किलोची कमान दोन दोरांनी टांगायची. दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर २० किलो. पण वर हूक लांब लांब आहेत आणि उंची कमी, म्हणून दोर तिरके घेतले. दोन दोरांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक दोरावर पूर्ण ४० किलो येतात. कोन आणखी उघडला तर कमानीच्या वजनापेक्षाही जास्त. कमान तीच, दोर तेच. माणसांच्या डोक्यावर टांगायच्या वस्तूला आम्ही निदान आठपट, बरेचदा दहापट ताकदीचा दोर धरतो. म्हणजे २० किलोच्या भरवशावर २०० किलोला तुटणारा दोर आणला आणि तिरका बांधला, तर दहापटीचा राखीव बळाचा हिशेब पाचपटीवर आला आणि कुणाला कळलंही नाही. हूक भिंतीत किती खोल आहे हा प्रश्न वेगळाच, कारण तिरका दोर हुकाला आडवं ओढतो.

चार हूक आणि पंखा असलेल्या नाट्यगृहात हे कळणारा माणूस जास्त लागतो. ग्रिड असलेल्या जागेत निदान प्रत्येक बारवर किती वजन टांगायचं ते लिहिलेलं असतं.

दोन बाय चार :
मी लाईटवाला, म्हणून माझीही भर. शाळांच्या गॅदरिंगला आजही एकाच १५ अँपिअरच्या सॉकेटवर हजार वॅटचे चार पार (स्टेजचे दिवे) लावलेले बघतो. २३० व्होल्टला एक पार सव्वाचार अँपिअरच्या वर घेतो. तीन लावले की सॉकेट संपलं. चौथा लावला की फ्यूज जातो, मग कुणीतरी फ्यूजमध्ये जाड तार घालतं. आता एलईडी आल्यामुळे थोडं निभावतंय.

आणि काका, तिकडचं इथे येतच असतं. आपण सगळे ज्या डीएमएक्स ५१२ वर लाईट चालवतो, म्हणजे कन्सोलवरून दिव्यांना हुकूम पोचवायची पद्धत, ते अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनं १९८६ मध्ये ठरवलेलं मानक आहे. आज ते गावोगावी आहे.

हेग्गोडू :
विंगेतली, परदेशाच्या आधी भारतातल्या वाटाही नीट बघ, असं माझं प्रांजळ मत.

एनएसडी १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीखाली सुरू झालं, १९७५ मध्ये स्वायत्त झालं. तीन वर्षांचा पूर्णवेळ डिप्लोमा आहे, पदवीनंतर प्रवेश मिळतो, वयाची अट आहे आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. तू म्हणतेस तसं तिथे भर डिझाईनवर आहे, रिगिंग आणि यंत्रांवर नाही. पण डिझाईन आतून कळलेला टेक्निकल डायरेक्टर हा वेगळाच प्राणी असतो. नेपथ्यकाराला त्या कमानीतून नेमकं काय म्हणायचंय हे समजलं की कुठे तडजोड चालेल आणि कुठे चालणार नाही हे कळतं.

दुसरी वाट, सोलापूरच्या लोकांना खास सांगण्यासारखी. घरात कन्नड असेल तर निनासम. शिवमोग्गा जिल्ह्यात सागरजवळ हेग्गोडू नावाचं खेडं आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी उभी केलेली संस्था, त्यांना १९९१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८० पासून तिथे नाट्यशाळा चालते. शिक्षण कन्नडमध्ये. त्यांची तिरुगाट ही फिरती मंडळी कर्नाटकभर नाटकं घेऊन हिंडते आणि प्रत्येक मुक्कामी वेगळ्या आकाराच्या स्टेजवर तोच सेट बसवते. अभिनय शिकायला आलेल्यालाही सेट उचलावा लागतो. मी तिथे राहिलोय. दौऱ्यावर सेट कसा घडीचा करायचा याचं याहून चांगलं शिक्षण मला दुसरीकडे दिसलं नाही.

विंगेतली :
आजी कन्नड बोलायच्या, मला समजतं पण बोलायला अडखळते. तरी बघतेच. धन्यवाद.

आईची काळजी :
मी नाटकातली नाही. माझी मुलगीही असंच काहीतरी वेगळं शिकायचं म्हणतेय म्हणून वाचतेय. दोन प्रश्न, स्पष्ट विचारते. पैसा कुठून आणायचा? आणि वर्कशॉपमध्ये, उंचावर, रात्री-अपरात्री काम, मुलीसाठी कसं?

काळा पडदा :
ताई, योग्य प्रश्न.

पैशांचं असं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत या विषयाच्या एमएफएला असिस्टंटशिप असते, म्हणजे वर्कशॉपमध्ये ठराविक तास काम करायचं, त्याबद्दल फीमाफी आणि दरमहा काही रक्कम. ही प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणून ऑफर हातात आली की आधी त्यातली फीमाफी पूर्ण आहे की अर्धी ते वाचायचं. अर्धी असेल तर मोह आवरायचा. आपल्याकडे जे. एन. टाटा एंडाउमेंट आहे, १८९२ पासून, परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात. घर गहाण ठेवून हे शिक्षण घ्यावं असं मी कुणालाही सांगणार नाही. पूर्ण खर्च भागत नसेल तर एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करावा.

दुसरं. उंचीवरचं काम तिथे दोर-पट्टा बांधल्याशिवाय करू देत नाहीत, थकलेल्या माणसाला करवतीला हात लावू देत नाहीत. माझ्या वर्गात मुली होत्या आणि माझी पहिली वरिष्ठ टेक्निकल डायरेक्टर बाईच होती. दिवस लांब असतात हे मात्र खरं. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात घरी फोन करायलाही फुरसत नसते, त्याची घरच्यांना कल्पना देऊन ठेवावी.

पोटापाण्याचं म्हणाल तर, अमेरिकेत शिकलेल्यांना शिक्षणानंतर साधारण वर्षभर तिथे काम करता येतं. परत आल्यावर निव्वळ मराठी नाटकावर पोट भरेल असं मी म्हणत नाही. पण मुंबईत एनसीपीए हे मोठं कला केंद्र आहे, २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र उघडलं, त्याचं मोठं थिएटर दोन हजार आसनांचं आहे. अशा जागा चालवायला शिकलेली माणसं लागतात. नाट्यगृहांची आखणी करणाऱ्या फर्म आहेत, मोठे कार्यक्रम उभारणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे कमवायचं आणि आपल्या नाटकाला वेळ द्यायचा, असं आमच्यातले बहुतेक जण करतात. मीही.

आईची काळजी :
मनापासून धन्यवाद. मुलीला हा धागा वाचायला दिला आहे.

विंगेतली :
दादा, पोर्टफोलिओचं पुढे विचारते. यंदाच्या आमच्या नाटकात नेपथ्यकाराला फिरता रंगमंच हवाय. १४ फुटांची चकती, एका बाजूला वाड्याचं अंगण, दुसऱ्या बाजूला मुंबईतली खोली. हा एकच प्रकल्प नीट मांडून पाठवला तर चालेल का? आत्तापर्यंत एवढं केलंय : चकती आठ तुकड्यांत, प्रत्येक तुकडा टेंपोत आडवा मावतो. सांगाडा चौकोनी पाइपचा, वर १९ मिमी प्लाय. चाकं चकतीखाली न लावता जमिनीवर उलटी बसवणार आहे, म्हणजे चाकांची उंची एकदाच पाण्याच्या नळीनं जुळवून घेता येईल आणि चकतीचा खालचा भाग सपाट राहील. कारखान्याजवळ भंगारात यंत्रमागाच्या मोटरी मिळतात, त्यातली एक घ्यायचा विचार आहे. कितीची घ्यावी यावर अडलेय. लोक दोन अश्वशक्ती सांगतात.

काळा पडदा :
चालेल काय, पळेल. दहा नाटकांच्या फोटोंपेक्षा हा एक प्रकल्प भारी.

मोटरचं अंदाजानं ठरवू नकोस, मोज. चकती जोडून, सेट आणि माणसं चढवून, कडेला दोर बांध आणि कडेच्या रेषेत ओढ. मध्ये स्प्रिंगचा काटा लाव. समज, चकती हलायला आणि हलत राहायला २० किलोची ओढ लागली. त्रिज्या ७ फूट, म्हणजे २.१३ मीटर. कडेवरचा वेग सेकंदाला एक फूट ठेवला तर ४४ फुटांचा घेर ४४ सेकंदांत पूर्ण होतो, अर्धा फेरा २२ सेकंदांत. याला लागणारी शक्ती येते जेमतेम ६० वॅट! गिअरबॉक्समधली गळती आणि सुरुवातीचा जोर धरला तरी पाव अश्वशक्तीत, फार तर अर्ध्यात काम होतं. दोन अश्वशक्तीची मोटर बसवली तर एखादं पाऊल, झालर किंवा खुर्चीचा पाय कडेला अडकला तरी ती थांबणार नाही, ओढत नेईल. कमी शक्तीची मोटर इथे जास्त सुरक्षित.

मोटर १४४० फेऱ्यांची असेल. कडेला घासून फिरवणारं ६ इंची रबरी चाक घेतलंस तर त्याला मिनिटाला ३६ ते ३८ फेरे हवेत. म्हणजे चाळीसास एकचा वर्म गिअरबॉक्स, स्क्रूसारख्या दांड्यानं चाक फिरवणारा. तुझ्या एमआयडीसीत ही वस्तू कुणाकडेही सापडेल. वर्म असल्यानं चकती सहसा उलट फिरत नाही, पण त्याला ब्रेक समजू नकोस. ब्रेक वेगळा लाव.

मुलाखतीत तुला विचारतील ते प्रश्न आत्ताच सांगतो. वीज गेली तर काय? हातानं फिरवायची सोय आणि ती कोण फिरवणार त्याचं नाव कागदावर हवं. चकती आणि स्थिर स्टेज यांच्यातली फट किती? चप्पलची टाच अडकू नये एवढी बारीक, पण लाकूड फुगलं तरी घासू नये एवढी. थांबवायचं बटण कुणाच्या हातात, आणि त्याला चकतीची पूर्ण कड दिसते का? नट उभा असताना सुरू झाली तर तो डगमगतो, म्हणून वेग हळूहळू चढवणार कसा? फिरताना आवाज किती, आणि तो संवादाच्या वेळी आहे की संगीताच्या?

या प्रत्येकाचं एक पान कर. पहिलं रेखाचित्र, त्यावर तू स्वतः केलेल्या खुणा, बदललेला आराखडा, भाव, तासांचा अंदाज आणि शेवटी प्रत्यक्षात लागलेले तास. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक पुसू नकोस, तो का पडला ते लिही. तिथले शिक्षक ते पान सगळ्यात आधी उघडतात.

हेग्गोडू :
आठ तुकड्यांचे जोड पत्त्याच्या पानांसारखे एकमेकांवर चढतील असे घे, आणि प्रत्येक तुकड्यावर खालून क्रमांक रंगव. प्रयोग संपल्यावर रात्री एक वाजता टॉर्चच्या उजेडात जोडणाऱ्याला ते लागतं.

जुना बॅकस्टेजवाला :
पोरी, तू चाकं उलटी बसवायलीस हे वाचलं. बराबर हाय. आम्ही चाकं चकतीखाली लावायचो, मग एखादं चाक फळीच्या सांध्यात बसलं की सगळी चकती अडायची आणि आतून चार जण ढकलायचे. प्रेक्षकांना पाय दिसायचे.

एक सांगतो, तुझ्या कागदावर न्हाई ते. मधला खांब आधी पक्का कर. चाकं, मोटर सगळं मागून. मध्य अर्धा इंच सरकला तर कडेला तुझं रबरी चाक एका बाजूला दाबतं आणि दुसऱ्या बाजूला सुटतं. स्टेजला खिळा मारू देत न्हाईत, म्हणून आम्ही मधल्या खांबाला मोठी चौकोनी पाटी लावायचो आणि तिच्यावर वाळूच्या गोणी. गोणी कापडात शिवून घे, प्लास्टिकच्या नको, घसरतात.

आणि ते दोराच्या कोनाचं, ४० किलोचं, आमच्या इथल्या पोरांना मी काल वाचून दाखवलं. दोघांनी घरी जाऊन बादल्या बांधून बघितलं. खरं निघालं.

विंगेतली :
काका, मध्याचं लिहून घेतलं. चौकोनी पाटी आत्ताच ड्रॉइंगमध्ये घातली, वाळूच्या गोण्यांचं वजन किती लागेल ते ओढीवरून काढता येईल. एमएफएचा अर्ज मी याच हंगामात तीन ठिकाणी करणार आहे, एनएसडीची जाहिरात आली की तिथेही. घरी काल वडिलांना दादांचं पैशांबद्दलचं उत्तर वाचायला दिलं. ते म्हणाले, पूर्ण फीमाफी मिळाली तर जा, नाहीतर एक वर्ष थांब. मला मान्य आहे.

आता फक्त काटा हवाय. बाजारात भाजीवाल्यांकडचे १० किलोपर्यंतचे मिळतात. ५० किलोपर्यंतचा, हूकचा, स्प्रिंगवाला काटा गावात कुणाकडे आहे का?

जुना बॅकस्टेजवाला :
माझ्याकडं हाय, शंभर किलोचा. पहिल्यांदा माहीत असलेलं वजन लावून बघ, जुना हाय. चकती जोडली की कळव, मी येतो. ओढायला पोरंपण आणतो.

दोन बाय चार :
मीही येतो. मोटरच्या वायरिंगला हात लावण्याआधी मला एकदा दाखव, थांबवायच्या बटणाची जोडणी मी करून देतो.